जिनिंगच्या आवारातली हत्तीण

हत्तीण आमच्या वावराला लागून उभी राहिली, तेव्हा घरात ताईचं नाव घ्यायचं नाही या नियमाला वर्ष होत आलं होतं. नियम कोणी बोलून दाखवला नव्हता. ताई एके दिवशी हिंगणघाटच्या कॉलेजातून दुपारच्या बसने परतली नाही, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की तिने दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं, पुलगावला त्याच्या घरी आहे. त्या संध्याकाळी बाबांनी भिंतीवरचा तिचा फोटो काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला. सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "निमे, तू आता कॉलेजात नोको जाऊ." आवाज चढवला नाही, कारण सांगितलं नाही. मी बारावी होऊन पहिल्या वर्षाला चारच महिने गेले होते. बसचा पास अजून पंधरा दिवस चालला असता.

आमचं घर जामच्या चौकापासून थोडं पुढे, चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरामागे चार एकर वावर, सगळं भाजीपाल्याचं. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला तुरीच्या दोन ओळी घरच्यासाठी. पहाटे बाबा जुड्या बांधून चौकात नेत आणि उरलेला माल हिंगणघाटला. दिवसभर रस्त्यावरून ट्रक जायचे. आमच्या घरासमोर उतार होता, तिथे प्रत्येक ट्रक ब्रेक दाबून फुस्स करायचा, आणि त्या फुस्स आवाजावर आई चुलीपुढे बसून भाकरी थापायची, जणू तोच तिचा ठेका. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसे. साडेनऊच्या बसमध्ये माझ्या वर्गातल्या मुली असत. दोघीतिघी खिडकीतून आमच्या घराकडे बघत. मग बाबांनी त्या खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत पत्रा ठोकला. धूळ येते म्हणाले. धूळ येतच होती, ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षात मी जायची ती घरापासून विहिरीपर्यंत, आणि विहिरीपासून वांग्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत. त्यापुढे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे बंद पडलेल्या जिनिंगचं आवार. पूर्वी तिथे कापूस यायचा. आता भिंतीचे तीन तुकडे, गंजलेलं शेड आणि पाच मोठे कडुनिंब एवढंच होतं. मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट आई मला जेवताना दोनदा वाढायची. मैत्रिणीकडे, किराण्याच्या दुकानात, मावशीकडे लग्नाला, कुठेही जायची गोष्ट निघाली की बाबा म्हणत, "कशाले? घरी काय कमी आहे तुले?" आणि घरी खरंच काही कमी नव्हतं. आज माझी मुलगी त्याच वयाची आहे. मी आता राहते त्या रोहण्याहून ती आर्वीला स्कूटीवर कॉलेजात जाते. यायला अर्धा तास उशीर झाला की मी ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसते, आणि बाबांच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला माझ्याच पोटात कळतो. म्हणून त्यांना मी सरळ दोष देऊ शकत नाही. पण जे झालं ते तसंच लिहिते.

हत्तीण आली ती हिवाळ्यातल्या एका सकाळी. एका मोठ्या शहरातल्या प्राणिबागेतून ती आली होती. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या भांडणातली माणसं अजून आहेत. बागेत ती एकटीच हत्तीण होती आणि तिला तिथे ठेवावं की नाही यावर शहरात वर्षभर वाद चालला होता. शेवटी तिला चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलातल्या हत्ती कॅम्पात पाठवायचं ठरलं. ट्रक निघाला, आणि ज्यांना ती जायला नको होती ते कोर्टात गेले. कोर्टाने सुनावणीपर्यंत 'जैसे थे' असा हुकूम दिला. हुकूम झाला तेव्हा ट्रक जामच्या चौकात चहासाठी थांबलेला. सोबतच्या साहेबाला फोन आला. पुढे जायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही. हत्तीण दोन दिवसांपासून ट्रकमध्ये उभी होती. सोबत जनावरांच्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं की आणखी अशी उभी राहिली तर तिचे पाय जातील, तिला खाली उतरवा. जवळ भिंत असलेली, सावली असलेली मोकळी जागा एकच होती. पाणी आमच्या विहिरीचं. साहेब बाबांकडे आले, बाबांनी लगेच मोटर लावून पाइप तारेखालून सरकवला.

तिचं नाव शेवंती. मी पहिल्यांदा पाहिली ती कुंपणाजवळून, हातात वांग्याची टोपली असताना. लहानपणी पुस्तकातल्या हत्तीचा रंग राखाडी असायचा; ही मातीच्या जुन्या भिंतीसारखी होती, कुठे गुलाबी, कुठे काळपट, कानाच्या कडा फाटलेल्या. मागच्या पायात साखळी, साखळी कडुनिंबाला. तिच्यापुढे एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उकिडवा बसून विडी पीत होता. तो किसनकाका, तिचा माहूत. सव्वीस वर्षं तिच्यापाशी होता. त्याचा बाप त्याच बागेत माळी होता, त्याचं लग्न झालं ते बागेच्या मागच्या खोल्यांमध्ये, मुलंही तिथेच झाली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पोरी, ती वांगी देऊ नकोस तिला, खाज सुटते. पालक दे." मी परत जाऊन पालकाच्या सहा जुड्या आणल्या. शेवंतीने एक जुडी उचलली, पायावर आपटून माती झटकली आणि तोंडात घातली. आई भाजी निवडताना अशीच झटकायची.

कोर्टाला हत्तिणीची रोजची हकीकत लेखी हवी होती. डॉक्टर मॅडमची राहायची सोय वर्ध्याला झाली होती, तिथून त्या अधूनमधूनच येणार होत्या. मधल्या वेळचं कोण लिहिणार? किसनकाकाला सही करण्यापुरतंच येत होतं, आणि तो एका बाजूचा माणूस. साहेब बाबांच्या बाजेवर बसून हे बोलत होते. बाबा म्हणाले, "आमची पोट्टी लिहीन की. बारावी झालेली हाय. ते घरीच असते." मॅडमनी मला एक जाड वही दिली. दर तासाला काय खाल्लं, किती वेळ उभी, किती वेळ आडवी, काय करते, ते जसं दिसेल तसं लिहायचं. "तुला काय वाटतं ते लिहू नकोस," मॅडम म्हणाल्या. "फक्त दिसतं ते." वर्षभरात घराबाहेरच्या माणसाने मला सांगितलेलं ते पहिलं काम. तार ओलांडायला बाबांनी परवानगी दिली. आवार आमच्या वावराला लागूनच होतं आणि बाबांना ते शेतातून दिसे.

पहिले दोन दिवस आनंदात गेले, हे कबूल करते. सकाळी किसनकाका तीन विटांवर तवा ठेवून शेवंतीसाठी रोट भाजायचा, हाताएवढे जाड, वर गुळाचा खडा. त्याचा वास आमच्या न्हाणीपर्यंत यायचा. आई त्याला दुपारी जेवण पाठवायची. वांग्याचं भरीत, भाकर, कधी कढी-गोळे. तो शहरातला माणूस, तिखट पाहून डोळे पुसत खायचा आणि म्हणायचा, "वहिनींना सांग, हत्तीला चालेल एवढं तिखट, मला नाही." मी वहीत लिहायचे: सकाळी आठ, चार रोट, उसाचे वाढे एक भारा. नऊ, पाणी प्यायली, अंगावर माती टाकली. लोक यायला लागले होते. जामहून, समुद्रपूरहून, हिंगणघाटहून, टेम्पो भरून. पडक्या भिंतीवर बसून पोरं टाळ्या वाजवायची, कारण शेवंती नाचायची. पुढचा उजवा पाय उचलून, सोंड डावीकडे, डोकं उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे. त्यात एक लय होती. मीही वहीत लिहिलं, "नाचते."

तिसऱ्या दिवशी मॅडमनी वही वाचली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "किती वेळ?" मी म्हटलं, मी मोजलं नाही, पण बराच वेळ. त्या मला घेऊन निंबाखाली उभ्या राहिल्या. "लोक नव्हते तेव्हा नाचत होती का?" होती. "खाऊन झाल्यावर?" तेव्हाही. मॅडम म्हणाल्या, "हे नाचणं नाही गं. हत्ती दिवसभर चालणारं जनावर. बांधून ठेवलेल्या हत्तीला चालायचं असतं आणि चालता येत नाही, तेव्हा असं होतं. वर्षानुवर्षं झालं की साखळी काढली तरी सुटत नाही. इथून पुढे किती वेळ डोलते ते घड्याळ लावून लिही. कोर्टात बाकी कशाहीपेक्षा हेच बघतील."

त्या गेल्यावर किसनकाका माझ्यापाशी आला. तो ऐकत होता हे मला माहीत होतं. आधी त्याने तवा घासला, मग विटा रचल्या, मग म्हणाला, "पोरी, ती खेळते असं लिही."

मी म्हटलं, "काका, मॅडमनी सांगितलं..."

"मॅडम दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या. मी सव्वीस वर्षं आहे." तो माझ्याकडे बघत नव्हता, शेवंतीकडे बघत होता. "ती डोलते हे मला माहीत नाही का? लहान होती तेव्हापासून डोलते. मी तिला रोज पहाटे बाग उघडायच्या आधी फिरवून आणायचो. मग साहेब बदलले, म्हणाले कोणाला लागलं तर जबाबदार कोण. बंद झालं. हे सगळं खरं आहे. पण तिने दुसरा हत्ती कधी पाहिलेला नाही, पोरी. एकही नाही. तिकडे नेऊन पाच हत्तींत उभी केली आणि त्यांनी मारली तर? खाणं सोडलं तर? माझी नोकरी संपायला सहा महिने आहेत. मला तिथे ठेवणार नाहीत. ती कोणाच्या हातचं खाईल?"

मला त्याचं म्हणणं पटलं. आजही पूर्णपणे खोडता येत नाही. माझी मुलगी मोबाइलवर अशा वादांचे व्हिडिओ बघते आणि मला विचारते, "आई, तुला काय वाटतं, ठेवायला पाहिजे की नाई?" मी तिला किसनकाकाचा हा प्रश्न सांगते. तेव्हा दोन दिवस मी वहीत डोलण्याचा उल्लेख केला नाही. "उभी आहे" असं लिहिलं.

त्याच दोन दिवसांत शहरातून दोन्ही बाजूंची माणसं येऊन गेली, नेमकी एकाच वेळी. एक बाई होत्या, हत्तीण बागेतच राहावी म्हणणाऱ्या मुलांच्या समितीच्या, सोबत केळीचे घड आणि पोरांनी काढलेल्या हत्तीच्या चित्रांचा गठ्ठा. दुसरा एक दाढीवाला तरुण, हत्तीण कॅम्पात जावी म्हणणाऱ्यांपैकी. दोघं तारेजवळ उभं राहून भांडायला लागले.

बाई म्हणाल्या, "आमच्या वस्तीतल्या पोरानं हत्ती कुठे पाहायचा? त्याचा बाप त्याला जंगलात फिरायला नेणार आहे?"

तरुण म्हणाला, "एका जागी बांधलेला हत्ती पाहून तो काय शिकतो, बाई? हत्ती असा असतो हेच शिकतो ना?"

"आणि या वयात तिकडे नेऊन मेली तर तुम्ही येणार आहात उचलायला?"

ऊन झालं होतं. आईने दोघांना आमच्या अंगणात एकाच बाजेवर बसवलं आणि चहा दिला. दोघं बशीत ओतून, एकमेकांकडे न बघता प्याले. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "दोघंही खरंच बोलून राह्यले. मंग भांडतात काऊन?" मग थोडा विचार करून म्हणाले, "बांधलेल्या जनावराले वेळेवर दाणापानी भेटते. अजून काय पायजे?" आई भांडी उचलत होती. ती क्षणभर थांबली आणि कपबशा घेऊन आत गेली. ताई गेल्यापासून ती बाबांच्या कुठल्याच बोलण्याला उत्तर देत नसे, 'हो' सुद्धा म्हणत नसे.

सहाव्या दिवशी रविवार होता. गर्दी फार. मी भिंतीच्या आतल्या बाजूला स्टुलावर वही घेऊन बसले होते. भिंत जिथे पडली होती तिथे बायकांचा घोळका उभा होता, त्यात एक तोंडाला स्कार्फ बांधलेली. पोटुशी होती, सहावा-सातवा महिना असेल. मी तिच्या उभ्या राहण्यावरून ओळखलं. ताई डाव्या पायावर भार देऊन उभी राहायची. मी उठून गेले. दोघींच्या मध्ये कंबरेएवढी भिंत आणि आजूबाजूला पंचवीस बायका.

"मोठी हाय," ताई म्हणाली, हत्तिणीकडे बघत.

"हो," मी म्हटलं. "शेवंती नाव हाय तिचं."

"आई बरी हाय?"

"बरी हाय. तू काऊन आली? बाबा वावरातच हायेत."

"सारं पुलगाव येऊन राह्यलं हत्ती पाहाले. मी आली तं कोन काय म्हनन?" मग ती शेवंतीकडे बघत राहिली. शेवंती डोलत होती. शेजारची बाई आपल्या पोराला उचलून म्हणत होती, पाह्य, हत्ती कसा नाचते. ताई हळूच म्हणाली, "निमा, हे नाचनं नोय." आणि तिने भिंतीवरून हात पुढे करून माझं मनगट धरलं. "तू कॉलेजात नाई जात म्हने. माह्यामुळं झालं ना ते?"

तिच्या खांद्यावरून मला बाबा दिसले. डोक्यावर पालकाचा भारा, वावराच्या कडेला धुऱ्यावर उभे. त्यांनी ताईला पाहिलं होतं. ते तसेच उभे राहिले, भारा डोक्यावर, पाणी पालकातून गळून त्यांच्या खांद्यावर पडत होतं. मग वळले आणि भारा घेऊन परत घराकडे गेले. शेवंतीला त्या दुपारी पालक मिळाला नाही. ताईनेही त्यांना जाताना पाहिलं. तिने माझं मनगट सोडलं, स्कार्फ नीट केला आणि गर्दीतून रस्त्याकडे गेली. पोट धरून, सावकाश.

रात्री भांडी घासताना मी आईला हळूच सांगितलं, ताई आली होती, सहावा-सातवा महिना असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन निघाले तर तारेतल्या फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. बाबा तिथेच पालकाला पाणी देत होते. म्हणाले, "आतापासून मी सोडतो अन् मी आनतो. गर्दी लय वाढली." त्यांनी कुलूप उघडलं, मी पलीकडे गेले, त्यांनी परत लावलं. चावी त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. मी स्टुलावर जाऊन बसले. दिवसभर मी शेवंतीकडे बघत राहिले आणि घड्याळ लावून लिहीत राहिले. सकाळी आठ ते साडेनऊ, डोलते. खाताना थांबली. दहा ते पाऊण, डोलते. माणसं कमी असताना जास्त. साखळी लांब केल्यावरही पुढे गेली नाही, नऊ पावलं गेली आणि वळली, परत नऊ पावलं. मग मी मागची पानं उलटली आणि त्यांच्याखाली लिहिलं, "या दोन दिवसांतही हत्तीण बहुतेक वेळ डोलत होती. ते मी लिहिलं नव्हतं. किती वेळ ते मोजलेलं नाही." खाली सही केली, पूर्ण नाव.

संध्याकाळी बाबा न्यायला येण्याआधी मी किसनकाकाला म्हटलं, "काका, मी सारं लिहिलं. उद्या मॅडम घेऊन जातीन. तुम्हाले आधी वाचून दाखवते." तो विटांवर बसला. मी अख्खी वही वाचली. नऊ पावलांचं आलं तेव्हा त्याने मान वर केली.

"ते परत वाच."

मी परत वाचलं.

"बागेतलं तिचं ठाण नऊ पावलांचंच आहे," तो म्हणाला. "मी कधी मोजलं नव्हतं." मग म्हणाला, "खरं आहे सगळं." उठून शेवंतीच्या मागच्या पायापाशी गेला आणि साखळीखालची कातडी चोळत बसला. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आईने पाठवलेलं जेवण घ्यायचा, ताट धुऊन तारेजवळ ठेवायचा.

हुकूम आला तो तेराव्या दिवशी. हत्तिणीला कॅम्पात न्या. माझ्या वहीचं त्यात काय वजन होतं ते मला ठाऊक नाही. मॅडम म्हणाल्या, वकिलाने तीच पानं वाचून दाखवली. ट्रक मागे लावला, मातीचा उतार केला. शेवंती चढेना. पुढचे दोन पाय ठेवायची आणि मागे घ्यायची. क्रेनने उचलायचं का, दोर लावायचे का, साहेब लोकांची बोलणी सुरू झाली. दुपार टळली. तिने एकदाच आवाज काढला, तोंडातून नाही, छातीतून आल्यासारखा, आमच्या घराच्या पत्र्याला कंप सुटला. मग किसनकाका उठला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. हातात एक रोट घेतला आणि तिच्यापुढे उतार चढून आत ट्रकमध्ये गेला, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी. "ये, माय," म्हणाला, "मी आहे ना." शेवंती त्याच्यामागे चढली. चारही पाय आत. मागचं दार लागलं, आडव्या पट्ट्या ठोकल्या. तो आतून पुढच्या छोट्या खिडकीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा रोट होता. तिने सोंड त्या खिडकीतून बाहेर काढली आणि त्याचा खांदा धरला. महिनाभर तो सोबत राहणार होता, तिथल्या माहुतांना तिची सवय लावून देण्यासाठी. ट्रकमध्ये तो ड्रायव्हरशेजारी बसला. जाताना त्याने आमच्या घराकडे पाहिलं नाही.

आवार रिकामं झालं. लीद, उसाची चिपाडं, पोरांनी फेकलेल्या केळ्यांच्या साली. दुसऱ्या दिवशीही दोन टेम्पो आले, हत्ती गेला कळल्यावर परत गेले. मी सकाळी सवयीने फाटकापाशी गेले, कुलूप होतं, आणि आता ते उघडायचं काही कारण राहिलं नव्हतं. मी पुन्हा विहीर ते वांग्याची शेवटची ओळ. खरं लिहिल्याने माझ्यासाठी काही बदललं असं मी म्हणणार नाही. रात्री झोपताना किसनकाकाच्या हातातला तो अर्धा रोट दिसायचा आणि वाटायचं, मी काय केलं.

महिना होऊन गेला असेल. हरभरा सोलत मी आणि आई अंगणात बसलो होतो, बाबा जुड्या बांधत होते. चंद्रपूरहून येणारी बस थांबली आणि किसनकाका उतरला, हातात पिशवी. बाबांनी उठून त्याला बाज टाकून दिली. आईने पाणी आणलं, मग त्याच ओल्या सोल्यांची भाजी टाकायला आत गेली. काका आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरी, तुला सांगायला उतरलो." मग बाबांकडे बघत सांगत राहिला. पहिले चार दिवस तिने काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी तिथली एक म्हातारी हत्तीण तिच्याजवळ आली, सोंडेने तिचं तोंड चाचपलं. शेवंती मागे मागे सरत गेली. "भिंत शोधत होती," काका म्हणाला. "पाठ टेकायला. तिथे भिंत नव्हती. सरत सरत पार नाल्यात गेली. ती म्हातारी तिच्यामागे नाल्यात. दोघी दिवसभर पाण्यात उभ्या राहिल्या." आता खाते. त्या म्हातारीच्या मागे मागे जंगलात जाते, संध्याकाळी येते. डोलते का, मी विचारलं. "डोलते," तो म्हणाला. "मी निघालो त्या सकाळीही डोलत होती."

बाबा जुडी हातात धरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तुमी परत गेले भेटाले, तं वळखन का तुमाले?"

"ओळखेल," किसनकाका म्हणाला. "म्हणूनच जाणार नाही. मला पाहिलं की ती पाठी येईल. मग परत ट्रकमध्ये मीच चढवायची का?" त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "लांबून बरी आहे ऐकलं की पुरे."

बाबा हळूहळू मान हलवू लागले. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. जनावर असो, माणूस असो, गेलं ते गेलं, लांबून ऐकावं आणि आपण आपल्या जागी राहावं, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. तेवढ्यात आई दारात आली. हाताला बेसन लागलेलं. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नसे, आणि बाबांशी तर वर्षभर बोललेलीच नव्हती.

"मी तं जाईन," आई म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं.

"पुलगावले. तिले आठवा लागला असन. पहिलं बायंतपन हाय, तिले कोन हाय तिथं?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा. "सोमवारच्या बसनं जातो. तुमी नोको येऊ."

रस्त्यावर ट्रकने ब्रेक दाबला. बाबांनी हातातली जुडी सुतळीने बांधली, गाठ मारली, टोपलीत ठेवली, आणि दुसरी घेतली. किसनकाका जेवला, त्या दिवशी तिखटाबद्दल काही बोलला नाही, आणि चारच्या बसने गेला. तो मला पुन्हा भेटला नाही.

सोमवारी आई निघाली. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांच्या घड्या, पालकाच्या चार जुड्या ओल्या फडक्यात. बाबांनी पिशवी उचलून बस थांब्यापर्यंत नेली, हे मी खिडकीच्या पत्र्यावरून पाहिलं. मीही आदल्या रात्रीच माझे कपडे काढून ठेवले होते. आईने ते पाहिले, घडी करून परत पेटीत ठेवले आणि म्हणाली, "दोघी गेलो तं बाबाले भाकर कोन टाकन?" बाळंतपण होऊन सव्वा महिना होईपर्यंत ती पुलगावला राहिली. तेवढे दिवस दोन्ही वेळच्या भाकरी मी टाकल्या.